लेकीच्या शब्दाचं कणीस

दुकानात पाऊल टाकलं की तात्या आधी काउंटरच्या काचेवर उजवा कोपर टेकवायचे, मूठ वळायचे, हात ताठ उभा करायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, एवढं पायजे."

एवढं म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत, आणि पाहिजे असायचं ते मक्याचं कणीस. रामराम, पाऊसपाणी, तब्येतपाणी सगळं नंतर. एकदा एका बियाणे कंपनीचा नवा प्रतिनिधी माझ्याशी बोलत उभा होता. त्याला वाटलं, म्हातारा पंजा लढवायला बोलावतोय. त्यानं हसत हसत आपलाही कोपर टेकवला आणि तात्यांचा हात धरला. आता तात्यांनी उभा जन्म कुपवाडच्या कारखान्यात नटबोल्टचे पाने फिरवण्यात घालवलेला. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यांनी त्याचा हात काचेवर आडवा केला आणि शांतपणे विचारलं, "बरं. आता बी दावतोस का?" तो बिचारा मनगट चोळत पिशव्या काढायला लागला.

मी कुंडलजवळच्या एका गावात बी-बियाणांचं आणि औषधांचं दुकान चालवते. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची मी सूनबाई. माहेर साताऱ्याचं, शिक्षण शेतीचं आणि तोंड फटकळ. सासऱ्यांनी गल्ला माझ्या हातात दिला तेव्हा गावातल्या काही जणांनी नाकं मुरडली होती. आता त्यांच्याच सुना मला फोन करून विचारतात, वहिनी, अळीला काय मारू? तर सांगायचं काय, तुमच्यापैकी कुणी कधी दुकान चालवलं असेल तर त्याला ठाऊक असेल, निम्म्या गिऱ्हाइकांना आपल्याला काय हवंय हेच माहीत नसतं. तात्यांचं तसं नव्हतं. त्यांना काय हवंय हे अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होतं. ते मिळत नव्हतं, एवढंच.

आणि ते त्यांना स्वतःसाठी नको होतं. लेकीसाठी हवं होतं.

एकुलती एक लेक, वाईला दिलेली. घर चांगलं, नवरा शाळेत शिक्षक, सासऱ्यांची नदीकाठाला जमीन. लग्न होऊन महिनाभरच झाला होता, तेव्हा तिकडे मक्याची कणसं निघाली. सासऱ्यांनी त्यातलं सगळ्यात मोठं कणीस जेवायच्या वेळी घरात आणून कौतुकानं सगळ्यांना दाखवलं. तर ही नवी नवरी पदर सावरत पटकन म्हणाली, "आमच्या बाबांचं ह्याच्यापेक्षा मोठं असतं."

पंगतीत हशा पिकला, आणि ती गोष्ट फोनवरून इकडे पोचली.

यातली गंमत अशी की तोवर बाबांनी मका लावलाच नव्हता. बाबा नुकतेच कारखान्यातून निवृत्त होऊन घरी आले होते. इतकी वर्षं शेत बघायच्या त्या काकी, म्हणजे तात्यांची बायको. काकींचा मका म्हशींसाठी. दाट पेरायचा, हिरवागार असताना कापायचा, कुट्टी करून ती आंबवायला मुरघासाच्या पिशव्या भरायच्या. त्याला कणीस आलंच तर अंगठ्याएवढं. थोडक्यात, लेकीनं सासरी चक्क थाप मारली होती.

दुसरा एखादा बाप हसला असता आणि विसरला असता. तात्यांनी ते मनावर घेतलं.

"पोरगी सासरी बोलली, ती खोटी पडाय नगं," ते मला म्हणाले.

"अहो तात्या, चेष्टेत बोलली असेल ती."

"चेष्टेत आसू दे न्हाईतर खरं. चार मानसांत बोलली न्हवं? उद्या कुनी म्हनलं, कुठाय गं तुज्या बाबाचं कणीस, तर तिनं कुटं बगायचं?"

मी बियाणांच्या पिशव्या काढल्या.

पहिल्या वर्षी त्यांनी बियाणं निवडलं ते पिशवीवरच्या चित्रावरून. चित्रात एक बाई कणीस धरून हसत होती. "हे द्या. बगा, केवढं हाय."

मी म्हटलं, "तात्या, त्या बाईचा हात लहान आहे."

त्यांनी चष्मा लावला, पिशवी दारात उजेडाला नेली आणि बराच वेळ बघितलं. "व्हय की गं! लबाड हायत लेकाचे. मंग एकाद्या बाप्याच्या हातातलं दाव." दुसऱ्या एका पिशवीवर चांगला दणकट मिशाळ माणूस होता. त्याच्या पंजाचा अंदाज घेऊन ते बियाणं त्यांनी पसंत केलं.

मी त्यांना सांगायचं ते सांगितलं होतं, बरं का. वाण चांगला हवा हे खरं. लवकर येणारा वाण घाईत असतो, उशिरा येणाऱ्याला कणीस भरायला सवड मिळते. पण पिशवी फोडली की बियाणाचं काम संपलं, पुढचं सगळं रान ठरवतं. रोपात अंतर किती ठेवलं, तुरा आला तेव्हा पाणी मिळालं का, ऊन किती होतं. तात्यांनी मान डोलावली, घरी गेले आणि एखादं उगवलंच नाही तर काय करता म्हणून एकेका जागी चिमूट चिमूट बी टाकलं. रोपांची नुसती जत्रा भरली. एकमेकांच्या सावलीत ती वाढली आणि कणसं आली बोटभर.

काकी मात्र खूश. "आता कुटं शेतकरी झाला," त्या म्हणाल्या, आणि सगळं कापून म्हशींना घातलं.

काकींबद्दल दोन शब्द सांगितले नाहीत तर तात्या कळायचे नाहीत. तात्या आज बियाणं घेऊन गेले की काकी उद्या सकाळी ती पिशवी घेऊन हजर. "काल आमच्या मालकांनी हे काय नेलंय? परत घ्या आन् चाऱ्याचं द्या. कणीस काय म्हशीला दाकवायचंय व्हय?" मी बदलून द्यायची. दुपारी तात्या पुन्हा दारात. ती एकच पिशवी आठवडाभर दुकान आणि घर अशा खेपा घालत होती. शेवटी मीच वैतागून दोघांना एकत्र बसवलं, चहा पाजला आणि तोडगा काढला. विहिरीजवळच्या चार ओळी तात्यांच्या, बाकी रान काकींचं. काकी म्हणाल्या, "चार ओळीत काय दिवं लावायचं ती लावा."

तर पुढच्या वर्षी तात्यांनी चार ओळींत दिवे लावले. दाटीनं घात केला होता ना, म्हणून आता एवढं अंतर सोडलं की काकींनी मधल्या जागेत कोथिंबीर टाकून दोन वेळा काढली. कणसं खरंच बरी आली. पण मोकळ्या उभ्या राहिलेल्या त्या उंच ताटांना परतीच्या पावसातल्या एका वाऱ्यानं लोळवलं. मग एकदा त्यांनी उन्हाळी मका केला. तुरा आला नेमका वैशाखात, लाईट गेलेली, विहिरीवरची मोटर बंद. कणसं लांब आली पण टोकाकडचा तिसरा हिस्सा टक्कल पडलेला. त्याच्या पुढच्या खेपेला लष्करी अळी आली. तात्या रोज उठून एकेका ताटाच्या कोवळ्या पोंग्यात बोटं घालून अळ्या वेचायचे आणि वेचता वेचता त्यांना कुपवाडच्या भाषेत शिव्या घालायचे. मी त्या शिव्या इथे लिहू शकत नाही, पण त्या ऐकायला रस्त्यावरची माणसं गाड्या थांबवायची.

दर दिवाळीला लेक माहेरी यायची, तेव्हा तिच्या पिशवीत वाईचं एक कणीस असायचं. व्याह्यांचा निरोप सोबत, "पाव्हण्यांना दाखव." तात्या ते सोप्यातल्या खुंटीला टांगायचे आणि येता-जाता त्याला हात लावून मापायचे. आपल्यापेक्षा निदान अंगठाभर लांब. आणि हे दर वर्षी. लेक हसायची आणि म्हणायची, "जाऊ द्या की बाबा." पण ती असं म्हणाली की त्यांचा चेहरा आणखीच उतरायचा. त्यांना वाटायचं, पोर आपलं मन राखतेय.

आता ती परसातल्या मक्याची गोष्ट सांगते. आमच्या गावात ती अजून सांगतात.

तात्यांनी विचार केला, रानात वारा, अळी, लाईट, बायको, शंभर भानगडी. त्यापेक्षा परसात, मोरीच्या पाण्यावर, एकच झाड लावावं आणि त्याची बडदास्त ठेवावी. त्यांनी तेच केलं. एकच दाणा. जुन्या शेणखताचा खड्डा, भोवती काटेरी कुंपण, त्याच्यावर काकींचं जुनं लुगडं गुंडाळलेलं, शेळी येऊ नये म्हणून. पाण्याची कमी नाही, खताची कमी नाही, सावली नाही, दाटी नाही. ते झाड जे वाढलं म्हणता, कौलाला टेकलं. तात्या सकाळचा चहा त्याच्यापाशी बसून प्यायचे. कणीस धरलं तेही तसलंच. वरच्या पाल्यावरूनच कळत होतं, मनगटापासून कोपर काय, त्याच्याही पुढे.

सोलायच्या दिवशी त्यांनी मला दुकान बंद करून बोलावलं. शेजारपाजार जमला. काकी हात कमरेवर ठेवून उभ्या. तात्यांनी पाण्यानं हात धुतले आणि पाला एकेक करून मागे ओढला.

आत लांबलचक पांढरा दांडा आणि त्याच्यावर कुठे एक, कुठे दोन असे विखुरलेले दाणे. म्हाताऱ्याच्या तोंडातले दात असतात तसे.

मग काकी म्हणाल्या, "दाणं पेरायचं राहिलं वाटतं!" आणि जो हशा फुटला, तो थांबेचना. सगळ्यात जास्त कोण हसलं असेल तर तात्या. ते हसता हसता कट्ट्यावर बसले, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, ह्ये काय झालं गं?"

मी त्यांना कणसाचे केस दाखवले. म्हटलं, यातला एकेक केस म्हणजे एकेक दाणा. वरच्या तुऱ्याची भुकटी त्या केसावर पडली तर दाणा भरतो. एकट्या झाडाचा तुरा कधीच झडून गेलेला असतो आणि केस नंतर बाहेर येतात. मग त्याला भुकटी द्यायची कुणी? आजूबाजूला दहा-वीस ताटं असतील तर कुणाचा तुरा आधी, कुणाचा नंतर, असं मिळून काम भागतं.

"म्हंजी शेजार पायजे म्हन की."

"शेजार पाहिजेच."

"मंग ह्ये आदी सांगाय काय झालं हुतं?"

"तुम्ही विचारलं होतंत? लुगडं गुंडाळून झाल्यावर मला कळलं!"

"ते बी खरं हाय," ते म्हणाले, आणि तो भोकाभोकाचा दांडा त्यांनी म्हशीपुढे टाकला. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. काकींना तेवढं आठवडाभर हसायला पुरलं.

त्यानंतर ते वाईला गेले. उघड कारण लेकीला भेटायचं. खरं कारण व्याह्यांचं रान बघायचं. दोन दिवस राहून आले आणि तडक दुकानात. त्या दिवशी कोपर टेकवला नाही, काचेवर दोन्ही हात ठेवून गंभीरपणे बोलले. "माती आपलीच चांगली हाय. बी बी त्येच, तुज्या दुकानात मिळतं तसलंच. पर तितं रातच्याला गारवा लय हाय गं. मी घोंगडं पांगरून बांधावर बसलू हुतो. मका निवांत भरतोय. आपल्याकडं उकाड्यात समदं भराभरा पिकून मोकळं." मग आवाज खाली आणून विचारलं, "गारवा मिळतो का पिशवीत?"

मी म्हटलं, "पिशवीत नाही मिळत. पण दसरा झाला की तो आपल्याकडे फुकट येतो. पावसाळी मका सोडा, रब्बीचा करा."

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतके दिवस गारवा दुकानात लपवून ठेवला होता.

पण रब्बीत काकींचा शाळू असायचा. त्यांच्याकडून जमीन काढणं म्हणजे वाघाच्या तोंडातला घास. कसं कुणास ठाऊक, त्या वर्षी काकी स्वतःच म्हणाल्या, "औंदा शाळू नगं. उन्हाळ्याला म्हशींस्नी मुरघास कमी पडतो. समदा मकाच करू." आणि तात्यांच्या चार ओळी त्यांनी रानाच्या अगदी मधोमध दिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "शेजार लागतो म्हनं त्येला." वर लगेच, "म्हशींसाठीच करतीया हं मी," हेही ऐकवलं.

तो हिवाळा चांगला पडला. धुकं नाही, ढग नाहीत, सकाळी बोटं आखडायची अशी थंडी. तात्यांनी अंतर बेताचं ठेवलं, तुरा आला त्या आठवड्यात रात्रपाळीच्या लायटीला उठून पाणी दिलं, युरियाची पोती ओतायचा मोह मी धमकी देऊन आवरला. संक्रांत झाली आणि एक दिवस ते दुकानात आले ते नुसते हसत उभे राहिले. काही मागितलंच नाही.

"आलं?" मी विचारलं.

"आलंय," ते म्हणाले. "एक. बाकीची बी झ्याक हायत, पर त्ये एक म्हंजी… तू यून बग."

मी जाऊन बघितलं. पाल्यातूनच अंदाज येत होता. पोपटांनी टोचू नये, कुणी चुकून तोडू नये, म्हणून त्या ताटाला त्यांनी लाल चिंधी बांधली होती. आणि योगायोग बघा, लेक सातव्या महिन्याची माहेरी आलेली. रविवारी डोहाळजेवण ठरलेलं. व्याही आणि विहीणबाई वाईहून यायचे होते. तात्यांचा बेत असा, की सगळे जेवायला बसले की कणीस तोडून आणायचं, पंगतीत पाला मागे ओढायचा आणि एक शब्दही न बोलता लेकीच्या हातात द्यायचं. पुढचं ती बोलेल. मला त्यांनी हा बेत इतक्या वेळा सांगितला की मलाच तो पाठ झाला.

शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते, फुलांची वाडी गुंफायला. काकी पुरण शिजवत होत्या. तात्या रानाकडे फेरी मारायला गेले आणि थोड्या वेळानं जे ओरडत आले, ते आधी मला कळेचना काय झालं. "न्हेलं! कुनी तरी न्हेलं! चिंधी हाय आन् कणीस न्हाई!" कपाळाला घाम, धोतराचा सोगा सुटलेला. "कोल्ह्याचं काम न्हवं, मानसाचं हाय! सापडू दे, हात उपटून ठेवतो भडव्याचा!"

चुलीशेजारी लेक बसली होती. तोंडाला काजळी, बोटांना मीठ-तिखट. तिच्या हातात दाणे खाऊन उरलेलं बुरकुंड होतं. लांबच्या लांब.

"बाबा," ती दबल्या आवाजात म्हणाली, "चिंधी बांधलेलं होतं म्हणून तोडलं."

तात्या जागच्या जागी थांबले.

मला त्यात काही कळलं नाही. काकींनी डोक्याला हात लावला आणि मला सांगितलं. ही लहान असल्यापासून तात्यांची रीत होती. कुपवाडहून सुट्टीला आले की झाडावरचा पहिला पेरू असो, वेलावरची पहिली काकडी असो, तिला चिंधी बांधून जायचे. चिंधी बांधलेलं लेकीचं. बाकी कुणी त्याला हात लावायचा नाही. ती शाळेतून यायची ती आधी चिंधी शोधत. दुपारी तिला मक्याचे डोहाळे लागले, ती आईच्या मागे रानात गेली, मधोमध लाल चिंधी दिसली. तिला वाटलं, बाबांनी ठेवलंय माझ्यासाठी.

तात्या चुलीपाशी खाली बसले. तिच्या हातातलं बुरकुंड घेतलं, उलटसुलट बघितलं. सगळ्या ओळी टोकापर्यंत गच्च भरलेल्या होत्या, दाण्यांच्या खोबणीवरूनच दिसत होतं.

"ग्वाड हुतं का?" त्यांनी विचारलं.

"लय गोड होतं बाबा. असं मी जन्मात खाल्लं नाही."

"मंग झालं तर," ते म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले. माझ्या हातातली फुलं तशीच राहिली होती. मी म्हटलं, "तात्या, दुसरं एक चांगलं आहे की ओळीत, उद्या तेच दाखवा." त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. विहीणबाईंनी ओटीचं सामान मांडलं आणि त्याच्यातून, सवयीनं, वाईचं कणीस काढून पाटाशेजारी ठेवलं. लेक फुलांची वाडी घालून पाटावर बसली होती. पंगत बसली. व्याह्यांनी मिशीत हसत विचारलं, "काय पाव्हणे, यंदा तरी कणीस दाखवणार का?"

तात्या उठले, आत गेले आणि बाहेर आले ते धुवून पुसून स्वच्छ केलेलं ते बुरकुंड घेऊन. वाईच्या कणसाशेजारी त्यांनी ते पाटावर आडवं ठेवलं. एका बाजूनं टोकाला टोक जुळवलं. दुसऱ्या बाजूनं तात्यांचं बुरकुंड अंगठाभर पुढे आलं होतं.

व्याह्यांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. "लांब आहे खरं," ते म्हणाले. "पण पाव्हणे, दाणे कुठं आहेत?"

"दाणं व्हय?" तात्या म्हणाले. "दाणं तुमच्याच नातवंडाच्या पोटात हायत. मागून बगा, देतंय का."

ह्या घरात हसण्याला तोटा कधीच नव्हता, पण त्या दिवशी वाढपी हातातलं तूप सांडेपर्यंत हसले. लेक हसता हसता रडायला लागली. आणि मग विहीणबाई बोलल्या. ही बाई शांत, वाईच्या घाटावरची, शब्द मोजून बोलणारी.

"तुम्हाला एक सांगू का?" त्या तात्यांना म्हणाल्या. "पहिला महिनाभर ही पोर आमच्याकडे बोलायचीच नाही. विचारलं तेवढं सांगायची. जेवायची नाही धड. मी ह्यांना म्हटलं होतं, पोरगी रुळत नाही, थोडे दिवस माहेरी धाडूया. आणि त्या दिवशी भर पंगतीत म्हणाली, आमच्या बाबांचं मोठं असतं. मी आत जाऊन देवापुढं साखर ठेवली. म्हटलं, बोलली बाई एकदाची. त्या दिवसापासून ती आमची झाली."

"म्हंजी…" तात्या अडखळले. "ती खोटं बोलली ह्ये तुमास्नी ठावं हुतं?"

"अहो, तुम्ही कारखान्यात होतात हे आम्हाला माहीत नव्हतं का? पण अजून कधी ती गप्प बसली, की हे विचारतात, काय गं, बाबांचं कणीस केवढं? की हसलीच ती. म्हणून तर दर दिवाळीला कणीस धाडायचं. तुम्हाला खिजवायला नव्हे हो."

तात्या पंगतीच्या मधोमध उभे होते. दाटीत गेलेलं वर्ष, वाऱ्यानं लोळवलेलं वर्ष, अळ्या, परसातलं ते लुगडं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, आणि ते बराच वेळ पुसतच राहिले. काकी वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "आवं, बसा आता. भात गार हुतोय."

व्याह्यांनी त्यांचा हात धरून शेजारी बसवलं. "पाव्हणे, जिंकलात तुम्ही. आता थांबवूया का हे कणसाचं?"

"थांबतोय कशाला?" तात्या एकदम ताठ झाले. "नात झाली तर ती बी एक दिस सासरी जाणार. तितं तिला बोलाय कायतरी नगं व्हय?"

नातच झाली. यंदा पेरणीला तात्या माझ्या दुकानात आलेच नाहीत. ते वाईला आहेत, व्याह्यांनी बोलावून घेतलंय, दोघांनी मिळून मका केलाय म्हणे. इकडच्या रानाचं बियाणं काकी येऊन घेऊन गेल्या. परवा त्या वाईला जाऊन आल्या, त्यांनी सांगितलं, दोघे म्हातारे सकाळी खुरपी घेऊन रानात जातात, नात मागं रांगत येते, की खुरपी बांधावर पडतात आणि दिवस तिला खेळवण्यात जातो. मक्यात गुडघाभर तण माजलंय. औंदा वाईचं कणीस बोटाएवढं येणार, असं काकी छातीठोकपणे सांगतात, आणि दोघांपैकी एकालाही त्याचं काही वाटत नाही.